दुसऱ्या नंबरावर घर चालतं का?

तर झालं असं. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, आणि भिवंडीत 'खड्ड्यात रस्ता शोधा' हा आमचा वार्षिक खेळ रंगात आलेला. सायकल बाहेर काढायची सोय नव्हती. म्हणून एका शनिवारी हापिसातली आमची सायकलवाली टोळी माझ्या घरी टूर द फ्रान्स बघायला जमली. चहा, कांदाभजी, आणि टीव्हीवर आल्प्सच्या घाटात घाम गाळणारी ती काटकुळी पोरं. एकंदरीत झकास विकांत.

मग आमच्या टेक लीडने भजी तोंडात असतानाच निकाल देऊन टाकला. "आपल्याकडे असला सायकलपटू कधीच होणार नाही. आपल्या लोकांच्यात ते जीन्सच नाहीत रे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पाच जणांत मिळून सात सायकली होत्या, त्यांतल्या दोन कार्बनच्या. माझी धरून. म्हणजे जवळजवळ एका गाडीची किंमत त्या दिवशी माझ्या बाल्कनीत पाऊस खात उभी होती, आणि मालक लोक आत बसून देशाच्या गुणसूत्रांवर चर्चा करत होते. च्यायला!

मला हे 'जीन्स'चं वाक्य भयंकर डोक्यात जातं. कारण एकदा ते म्हटलं की कोणाचीच जबाबदारी उरत नाही. बग हार्डवेअरमध्ये आहे असं म्हणून तिकीट बंद करण्यासारखंच आहे ते. त्या दिवशी पाहुणे होते म्हणून गप्प बसलो. आज बोलतो.

आधी एका फ्रेंच माणसाची गोष्ट सांगतो. रेमों पुलिदोर. जन्म १९३६, फ्रान्सच्या क्रूझ नावाच्या मागास, डोंगराळ भागातला. आईबाप दुसऱ्याच्या जमिनीवर बटाईने शेती करायचे. पोरगाही शेतात राबायचा आणि सवड मिळाली की गावोगावच्या शर्यतींत भाग घ्यायचा. मग सक्तीची लष्करी नोकरी लागली, अल्जेरियात गाडी चालवली, अंगावर मांस चढलं. परत आल्यावर घाम गाळून उतरवलं. पुढे त्याने सांगितलं होतं की तरुणपणी एका शर्यतीत मिळालेलं बक्षीस त्याच्या शेतातल्या सहा वर्षांच्या कमाईपेक्षा जास्त होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९६० मध्ये तो मर्सिए नावाच्या सायकल कंपनीच्या संघात व्यावसायिक झाला आणि १९७७ मध्ये निवृत्त होईपर्यंत मर्सिएकडेच राहिला. (आमच्याकडे दोन वर्षं एका कंपनीत काढली की लोक सत्कार करतात.) या काळात तो १४ वेळा टूर द फ्रान्सला उतरला. तीनदा दुसरा आला, पाचदा तिसरा आला. शेवटचा तिसरा नंबर १९७६ चा, वय वर्षं ४०! आणि एवढं करून तो टूर एकदाही जिंकला नाही. जिंकणं सोडा, शर्यतीत आघाडीवर असणारा जी पिवळी जर्सी घालतो ती त्याला एक दिवससुद्धा अंगात घालायला मिळाली नाही.

१९६४ ची टूर तर आपल्या व्यवसायातल्या लोकांनी खास अभ्यासावी अशी आहे. मोनॅकोला एका टप्प्याचा शेवट बंदिस्त ट्रॅकवर होता. पुलिदोरने जीव तोडून स्प्रिंट मारली, पहिला आला, आणि मग कळलं की अजून एक फेरी बाकी आहे. साक्षात 'ऑफ बाय वन एरर'! पुढच्या फेरीत जाक आंकतीलने टप्पा जिंकला आणि एका मिनिटाचा बोनस खिशात घातला. नंतर पुई द डोम नावाच्या ज्वालामुखीच्या डोंगरावर दोघे अक्षरशः कोपराला कोपर घासत चढले. पुलिदोरने तिथे ४२ सेकंद मिळवली, पण आंकतीलकडे १४ सेकंद शिल्लक राहिली. पॅरिसला पोचल्यावर एकूण फरक होता ५५ सेकंद. एक मिनिटाचा बोनस आणि ५५ सेकंदांचा फरक. गणित तुम्हीच करा.

आता गंमत बघा. आंकतीलने पाच टूर जिंकल्या. पण गल्लीबोळात लोक ओरडायचे ते 'पुपू, पुपू' असं, पुलिदोरच्या नावाने. टूर संपल्यावर गावोगावी ज्या छोट्या प्रदर्शनी शर्यती व्हायच्या त्यांत बोलावणं यायचं, मानधन मिळायचं. शिवाय हा माणूस हरतच राहिला असंही नाही. १९६१ मध्ये मिलान-सान रेमो जिंकला, १९६४ मध्ये स्पेनची व्हुएल्टा जिंकली, आणि छत्तिशी-सदतिशीत, १९७२ आणि १९७३ ला, पॅरिस-नीस जिंकली. निवृत्तीनंतरही आयुष्यभर तो टूरच्या ताफ्यात हिंडला. शेवटची काही वर्षं तर पिवळ्या जर्सीची प्रायोजक असलेल्या बँकेतर्फे, चक्क पिवळा शर्ट घालून! २०१९ मध्ये गेला. २०२१ मध्ये त्याचा नातू मातियू व्हान डर पूल याने टूरमध्ये पिवळी जर्सी मिळवली, तेव्हा रेषा ओलांडताना त्याने आभाळाकडे बोट केलं. तो क्षण बघून मी, एक निर्ढावलेला बॅकएंडवाला, पाच मिनिटं कोणाशी बोलू शकलो नव्हतो.

हे सगळं का सांगतोय? कारण बटाईने शेती करणाऱ्याचा मुलगा दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरावर आयुष्यभर सन्मानाने जगला. माझ्या मते एखादा खेळ एखाद्या देशात खरंच आहे की नाही हे ओळखायची एकच चाचणी आहे: दुसऱ्या नंबरावर घर चालतं का? आणि थोडं ताणून, साठाव्या नंबरावर चालतं का? फ्रान्सला बर्नार इनो १९८५ मध्ये जिंकला, त्यानंतर ४० वर्षं एकही फ्रेंच पुरुष टूर जिंकलेला नाही (बायकांच्या टूरमध्ये पोलिन फेराँ-प्रेव्हो २०२५ ला जिंकली). म्हणून तिथल्या पोरांनी सायकल सोडली का? नाही. कारण वरच्या दोन श्रेणींच्या संघांत सगळ्यांत शेवटच्या, पाण्याच्या बाटल्या वाहणाऱ्या खेळाडूलाही ठरलेलं किमान वेतन मिळतं. त्याच्या खाली क्लब आहेत, आणि क्लबांच्या खाली गावोगावच्या रविवारच्या शर्यती.

आता आपल्याकडे या.

महाराष्ट्रात सायकलवीर नाहीत असं कोण म्हणतो? नाशिकचे महाजन बंधू, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र, २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघात पूर्ण करून आले. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत! अशी पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. २०१७ मध्ये लष्करातले डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ या दोघांनी तीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. पुढच्या वर्षी समर्थ रशियात ट्रान्स-सायबेरियन शर्यत करून आले, नऊ हजार किलोमीटरच्या वर. या माणसांपुढे मी साष्टांग नमस्कार घालायला तयार आहे. पडघ्यापर्यंत जाऊन आलो की माझे गुडघे राजीनामा देतात.

पण ती यादी पुन्हा वाचा. डॉक्टर, डॉक्टर, डॉक्टर, डॉक्टर. एकही विणकर नाही, एकही दूधवाला नाही, एकही शेतकऱ्याचं शिक्षण सुटलेलं पोर नाही. यात या मंडळींचा काडीचाही दोष नाही. उलट स्वतःचा व्यवसाय सांभाळून, क्रू आणि पैसा उभा करून ते तिथवर गेले हे दुप्पट कौतुकाचं. दोष आहे तो आपण त्यातून जो धडा काढतो त्याचा. आपण म्हणतो, 'जिद्द असली की होतं.' अहो, जिद्दीच्या आधी दवाखाना होता! आधी करिअर, मग सायकल. पुलिदोरची सायकल हेच त्याचं करिअर होतं. आपल्याकडे तो पर्याय कोणाला दिलाय?

'जीन्स'वाल्यांसाठी थोडा इतिहास. १९२३ मध्ये मुंबईचे काही पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले आणि त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ मध्ये ती पुरी करून परत आले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय सायकल चमूतही मुंबईच्या पारशी मंडळींचा भरणा होता. मुंबई-पुणे सायकल शर्यत चाळीसच्या दशकापासूनची. बोरघाट पहिला चढणारा 'घाटाचा राजा', आणि आमच्या वडिलांच्या पिढीत या किताबाला काय वजन होतं ते त्यांनाच विचारा. पण १९६४ च्या टोकियोनंतर २०२४ च्या पॅरिसपर्यंत ऑलिंपिकच्या सायकलिंगमध्ये एकही भारतीय उतरलेला नाही. साठ वर्षांत जीन्स बदलत नाहीत हो. आणि २०१९ मध्ये भारताच्या पोरांनी, एसो अल्बेन, रोनाल्डो सिंग वगैरे मंडळींनी, ट्रॅकवरच्या ज्युनियर जागतिक स्पर्धेत टीम स्प्रिंटचं सुवर्णपदक आणलं. त्यांची गुणसूत्रं काय आयात केली होती? त्यांना अकादमी, प्रशिक्षक आणि ट्रॅक मिळाला, एवढंच.

अजून पाहिजे? एरिट्रिया. आपल्यापेक्षा गरीब देश. तिथला बिनियम गिरमाय २०२४ च्या टूरमध्ये तीन टप्पे जिंकला आणि हिरवी जर्सी घेऊन घरी गेला. तिथे इटालियन लोकांनी सायकल नेली, ते गेले, पण शर्यती राहिल्या. राजधानी उंचावर आहे, त्याचा फायदा होतो हे मान्य. पण मग हॉलंडचं काय? तिथे टेकडी दाखवा आणि बक्षीस मिळवा.

आता भिवंडी.

ज्यांना भिवंडी म्हणजे फक्त 'तुमचं पार्सल इथे पोचलं आहे' असा मेसेज वाटतो त्यांच्यासाठी: हे यंत्रमागांचं गाव आहे. खटखट खटखट हा आमचा पार्श्वसंगीत विभाग. गेल्या काही वर्षांत माग बंद पडत गेले आणि माणकोली, काल्हेर, पूर्णा, रहनाळ, दापोडा पट्ट्यात गोदामांची रांग लागली. तुम्ही रात्री बारा वाजता मागवलेला ब्लूटूथ स्पीकर इथूनच निघतो. आणि तो ज्याच्या हातून निघतो तो कामावर बऱ्याचदा सायकलने येतो. काळी, दांड्याची, मागे कॅरियर असलेली, बापाची सायकल.

असाच एक पोरगा मला भेटला. नाव सांगत नाही, त्याला उगाच त्रास नको. पडघ्याच्या अलीकडे गाव, वय एकोणीस, माणकोलीकडे एका गोदामात रात्रपाळीला. रोज जाऊन येऊन चाळीसेक किलोमीटर. एका रविवारी पहाटे मी राजनोली नाक्यावरून नाशिक हायवेला लागलो होतो. लायक्रा, हेल्मेट, गॉगल, छातीला हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा, सगळा जामानिमा. मागे कोणीतरी आहे असं वाटलं. वळून बघतो तर हा. रात्रभर खोकी उचलून घरी चाललेला, पायात रबरी चपला. मी वेग वाढवला, हा मागेच. ट्रेलरच्या धुरातून, रस्त्याच्या कामाच्या पत्र्यांच्या कडेने, वडप्यापर्यंत मागेच! तिथल्या चढावर मी गिअर टाकला आणि त्याने काय करावं? सीटवरून उठला, दोन पाय मारले आणि बाजूला आला.

"दादूस, केवढ्याला घेतलीस?"

मी धापा टाकत खरी किंमत निम्मी करून सांगितली. त्याला ती तरी कुठे खरी वाटली? हसला आणि पुढे निघून गेला. माझा ठोका १८२ वर, आणि हा गडी शीळ वाजवत होता.

मी ठरवलं, याला कुठेतरी उतरवायचंच. दोन महिने शोधाशोध केली तेव्हा कळलं की उतरवायला जागाच नाही. फेडरेशनच्या शर्यती आहेत, पण वर्षात मोजक्या, आणि तिथे लागणारी सायकल त्याच्या वर्षभराच्या पगारात येत नाही. बाकी आहेत त्या 'राइड'. सायक्लोथॉन, हेल्थ राइड, हेरिटेज राइड, मान्सून राइड. शेवटी जवळच्या एका शहरातल्या ५० किलोमीटरच्या राइडला त्याचं नाव घातलं. बाराशे रुपये फी मी भरली, माझी जुनी हायब्रिड त्याला दिली, हेल्मेट दिलं. रात्रपाळी करून तो तसाच आला.

पहिला आला. दुसरा यायच्या आधी त्याचा वडापाव खाऊन झाला होता.

मग स्टेजवरून घोषणा झाली की ही रेस नव्हे, ही राइड आहे, इथे सगळेच विजेते आहेत. सगळ्यांना तेच मेडल, तोच टी-शर्ट, तेच केळं. डीजे लागला, झुंबा सुरू झाला. आमचा गडी मेडल उलटसुलट करून बघत उभा होता. थोड्या वेळाने माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दादूस, पैसे कधी देतात?"

मी म्हटलं, "अरे, इथे पैसे नसतात. आपणच भरतो."

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ना, ती मी विसरू शकत नाही. रागबिग काही नव्हता. एवढी शिकलेली माणसं पैसे भरून दमायला येतात हे त्याला खरोखर समजत नव्हतं, आणि मला समजावता येत नव्हतं.

'सगळेच विजेते' हे वाक्य ऐकायला किती उदार वाटतं! पण ते ज्याची चूल आधीच पेटलेली आहे त्यालाच परवडतं. मी ३८ व्या मिनिटाला पंक्चर काढत बसलो होतो आणि मलाही तेच मेडल मिळालं. माझ्यासाठी गंमत आहे. पण त्या पोराकडे विकण्यासारखी एकच गोष्ट होती, आपण सगळ्यांपेक्षा जोरात जातो ही. आपण सगळ्यांनी मिळून तिची किंमत शून्य ठरवली. पुलिदोरला पहिल्यावहिल्या शर्यतींत टी-शर्ट आणि केळं मिळालं असतं तर तो दुसऱ्या दिवशी शेतात परत गेला असता, आणि १९६४ चा तो डोंगर कोणी पाहिलाच नसता.

आणि कृपा करून 'आपल्याकडे तशी संस्कृतीच नाही' म्हणू नका. आहे, ठासून आहे! जत्रेतल्या कुस्त्या आठवा. गावची जत्रा, इनाम जाहीर, नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत चढती रक्कम. पैलवान गावोगाव फिरतो, लढतो, खुराकाचे पैसे काढतो. फ्रान्समधल्या गावच्या सायकल शर्यती म्हणजे दुसरं काय होतं? बैलगाडा शर्यत घ्या. २०१४ ला बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, आणि लगेच घाटांवर दुचाक्या, ट्रॅक्टर बक्षिसाला लागले. ठाण्याच्या दहीहंडीतले आकडे तुम्हाला माहीतच आहेत. आमच्या आगरी पट्ट्यात तर टेनिस बॉल क्रिकेटच्या सामन्यांना मोटारसायकल लावतात आणि चांगला फलंदाज सुपारी घेऊन गावोगाव खेळतो. म्हणजे इनाम लावायची पद्धत आहे, पैसे लावणारे आहेत, बघायला येणारी गर्दी आहे. फक्त सायकल हा खेळ आपण, म्हणजे तुम्ही आणि मी, उचलून 'फिटनेस'च्या दुकानात नेऊन ठेवला.

रस्त्याचं कारण सांगू नका. २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय दर्जाची टप्प्यांची शर्यत झाली, पुणे ग्रँड टूर, ४३७ किलोमीटर. त्यासाठी रस्ते रुंद झाले, नव्याने डांबर पडलं. म्हणजे ठरवलं की होतं. चांगलंच झालं, मी टाळ्या वाजवल्या. पण बाहेरच्या संघांपुढे आपली पोरं मागे पडली याचं ज्यांना नवल वाटलं त्यांचं मला नवल वाटतं. ती पोरं लहानपणापासून दर रविवारी शर्यत धावतात. आपण कळस आधी बसवला आणि पायाचं टेंडर अजून निघायचंय. बाकी रस्ता दोन तास बंद ठेवणं आपल्याला नवीन आहे का? लग्नाची वरात, नेत्याचा वाढदिवस, मंडळाची मिरवणूक, सगळ्यांसाठी ठेवतो.

राहता राहिला खेळाडू कोटा. स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत ब्राँझ घेऊन आला तेव्हा तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. पदक आल्यावर राज्य सरकारने एक कोटी जाहीर केले. योग्यच केलं. पण वर कोटी आणि खाली मेडल-केळं, मधल्या पायऱ्या गायब. ज्या जिन्याला फक्त शेवटची पायरी आहे त्यावरून चढणार कसं? मध्ये अडकलेल्याने रेल्वेत जागा निघायची वाट बघायची. तीही सगळ्यांना मिळत नाही.

आता नुसतं बोंबलणं पुरे, हिशेब मांडतो. सवय आहे. आमच्या त्या राइडला साधारण तीनशे लोक होते. बाराशे गुणिले तीनशे, तीन लाख साठ हजार. त्यातला दहावा हिस्सा, ३६,०००, शर्यतीच्या इनामाला बाजूला काढा. पहिल्याला ८,०००, दुसऱ्याला ६,०००, तिसऱ्याला ५,०००. चौथ्या ते दहाव्याला दीड-दीड हजार. अकराव्या ते विसाव्याला साडेसहाशे. बेरीज करून बघा, बरोबर ३६,०००. मुलींची वेगळी शर्यत, तेवढंच इनाम. दोन्ही मिळून ७२,०००, म्हणजे जमलेल्या पैशाचा पाचवा हिस्सा. त्यासाठी डीजे रद्द करावा लागेल. मी स्वतः पुढाकार घ्यायला तयार आहे.

अट एकच: साध्या सायकलींचा वेगळा गट, फी माफ, आणि पैसे तिथल्या तिथे, हातात. अशा महिन्याला दोन शर्यती ठाणे जिल्ह्यात झाल्या तरी एखादं पोर वर्षभर खुराक आणि टायरचा खर्च काढेल. त्यातून चांगली निघतील ती पुण्याला, दिल्लीच्या अकादमीला, पुढे कुठे जातील ते जातील. सगळी नाहीच जाणार. पण न जाणाऱ्याचाही रविवार फुकट गेलेला नसेल.

मला माहीत आहे तुमच्यातले काही म्हणतील, आम्ही हौसेने सायकल चालवतो, आमच्या हौसेवर कर का? बरोबर आहे, हौस करा. मीही करतो. फक्त मग भजी खाता खाता 'आपल्यात जीन्स नाहीत' म्हणू नका. आपण या खेळाचे खेळाडू नव्हतोच, आपण गिऱ्हाईक आहोत. आणि गिऱ्हाईकाने एवढं तरी विचारावं की माझ्या बाराशे रुपयांतून कोणाच्या घरी काय गेलं.

तो पोरगा? गेल्या दिवाळीच्या आसपास त्याने हप्त्यावर मोटारसायकल घेतली. रात्री हायवेवर सायकल नको असं आईचं म्हणणं होतं, आणि आईचं चुकलं असं मी तरी म्हणणार नाही, त्या रस्त्यावरचे ट्रेलर मी बघितलेत. परवा वडप्याला त्याने मला ओव्हरटेक केलं. हॉर्न वाजवला, हात केला. मेडल त्याने गाडीच्या आरशाला टांगलंय.

असो. पुढच्या राइडचे फॉर्म आलेत, फी चौदाशे झालीय. या वेळी मी आयोजकांना फोन करून एकच प्रश्न विचारणार आहे, त्याच्याच शब्दांत: पैसे कधी देता? तुम्हीही विचारा. दहा जणांनी विचारलं तर हसतील. शंभर जणांनी विचारलं तर ठाण्यातली पहिली इनामी शर्यत लागेल.